थायरॉईड तर सगळ्यांनाच असते

प्रश्न असा: ‘मला थायरॉईड आहे’ हे मराठीत चालेल का, आणि थायरॉईडला शुद्ध मराठी शब्द कोणता?

चालतंच आहे, पण चालू नये. थायरॉईड मलाही आहे, तुम्हालाही आहे. गळ्यात पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या जरा खाली. ‘मला यकृत आहे’ असं सांगत कोणी डॉक्टरकडे जातं का? बरं, हा नुसता व्याकरणाचा कीस नव्हे. या एका वाक्यात दोन उलटी दुखणी कोंबलेली असतात. ग्रंथी मंदावली तर थकवा, वजनवाढ, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठ. तिने अति काम केलं तर धडधड, हातांना कंप, भरपूर खाऊनही वजन घटणं. ऐकणाऱ्याने काय समजायचं? त्यावर कडी म्हणजे ‘माझा थायरॉईड वाढलाय’. रिपोर्टात वाढलेलं असतं टीएसएच हे संप्रेरक (हॉर्मोन), आणि ते थायरॉईडचं नव्हेच; मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिकेचं, म्हणजे पिट्युइटरी ग्रंथीचं. थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक थायरॉक्सिन कमी पडलं की पीयूषिका टीएसएच वाढवून थायरॉईडला कामाला जुंपू पाहते. म्हणजे तो आकडा चढला तर बहुधा थायरॉईड मंदावलेली असते. मग तसंच म्हणा की! ग्रंथी खरोखर आकाराने वाढते, त्याला गलगंड हा जुना आणि नेमका शब्द आहे.

शुद्ध शब्दाकडे येतोच, पण आधी हा ‘परका’ शब्द बघा. थायरॉईड म्हणजे ढालीसारखी, असं सगळीकडे छापलेलं असतं आणि लोक तिथेच थांबतात. ग्रीक ‘थुरेऑस’ ही साधी गोल ढाल नव्हे. उंच, लांबट, दारासारखी ढाल. ‘थुरा’ म्हणजे दार. होमरच्या काव्यात तर थुरेऑस म्हणजे एकाक्ष राक्षस गुहेच्या तोंडाशी लोटतो ती शिळा. हा थुरा, इंग्रजी डोअर, संस्कृत द्वार आणि आपलं दार, सगळी एकाच मुळाची भावंडं. (ढालीचा आकार मुळात ग्रंथीच्या वरच्या, स्वरयंत्राच्या कूर्चेचा, म्हणजे कुरकुरीत हाडाचा. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन कूर्चेला त्या नावाने ओळखत होता. 1656 मध्ये थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने ते शेजारच्या ग्रंथीलाही देऊन टाकलं.)

आता खरी गंमत. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ यायला हवा, म्हणजे ‘ध्वार’. तो आला नाही. एक मत असं, की दाराला दोन फळ्या, म्हणून ‘द्वि’च्या ओढीने ‘ध’चा ‘द’ झाला. काही भाषापंडित यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ‘ध’चा ‘मा’ होऊ शकतो तिथे ‘द’ व्हायला काय हरकत आहे? आणि थायरॉईडकडे बघा: दोन बाजूंना दोन खंड, मध्ये अरुंद जोड. व्हार्टनच्या मनात हे नव्हतं हे मलाही कळतं, पण दोन फळ्यांचं दार म्हणून हे नाव मला कूर्चेपेक्षा ग्रंथीलाच जास्त शोभतं असं वाटतं.

आणि याच्या बदली आपल्याला दिलं काय, तर ‘अवटु ग्रंथी’! पाठ्यपुस्तकात आहे म्हणून बरोबर, असं मला सांगू नका. अमरकोश उघडा: ‘अवटुर्घाटा कृकाटिका’. तिन्ही शब्द मानेच्या मागच्या बाजूचे. ग्रंथी गळ्यापुढे आणि नाव मानगुटीवर. हे परिभाषाकारांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये?

पीयूषिका मात्र त्यांना झकास जमली आहे. मूळ लॅटिन ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. मेंदूतला कफ तिथून नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती. मराठीत ध्वनी जवळपास तोच राहिला आणि अर्थ पार पालटला. पीयूष म्हणजे अमृत हे सगळेच जाणतात. पण अमरकोशात ‘पीयूषोऽभिनवं पयः’ असंही आहे: नुकत्याच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, आपला चीक. आणि बाळंतिणीला दूध आणणारं प्रोलॅक्टिन स्रवतं ते याच ग्रंथीतून.