गोळी लिव्हरमध्ये गेल्यावर तिचं होतं काय? तोच डोस एकाला भारी पडतो आणि दुसऱ्याला लागूच पडत नाही, असं का?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापायी मी वर्षभर घरात बोलणी खाल्ली आहेत, म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई, आम्ही आत्या म्हणतो. सोलापुरात पूर्व भागात राहतो, बिड्या वळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हृदयाची मिट्रल झडप खराब झाली म्हणून धातूची बसवलेली. तेव्हापासून रोज रात्री नऊला रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन ५ मिलिग्रॅम आणि महिन्याला आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते; आकडा जितका मोठा तितकं रक्त उशिरा गोठतं. आकडा २.५ ते ३.५ मध्ये हवा, आणि चार वर्षं तो तिथेच होता. वही माझ्याकडे असायची. तारीख, आकडा, डोस.

मग मानेत गाठ आली, टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात आयएनआर आला १.३. धातूच्या झडपेला एवढा कमी आकडा म्हणजे रक्ताची गुठळी होऊन लकवा मारायची भीती. झडपेची फाइल ज्या डॉक्टरांकडे होती त्यांनी मान वर न करता विचारलं, “गोळ्या वेळेवर देता ना?” नणंदेला, आमच्या अक्कांना, तेवढं पुरलं. “शेपू-मेथी करून घालते, गोळी विसरते, सगळं लक्ष ट्यूशनच्या पोरांत.” भावकीत सगळीकडे हेच बोललं गेलं. मी पलंगाखालच्या पिशवीतून वॉर्फरिनची रिकामी पाकिटं काढून अक्कांसमोर एकेक मोजली, वहीतल्या तारखांशी जुळवून दाखवली. एकही गोळी शिल्लक नव्हती. “फेकल्या असशील,” म्हणाल्या.

टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं. लघवी केशरी होते ती त्याच्यामुळेच, आत्यांच्या पांढऱ्या पोलक्याला काखेतही तसाच रंग लागायचा. पण त्याचं मोठं काम लिव्हरमध्ये चालतं, ते कुणाला दिसत नाही. पाण्यात नीट न विरघळणारं औषध किडनीला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. म्हणून लिव्हरमधली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, त्याची मोडतोड करतात, बहुतेक वेळा त्यावर ऑक्सिजन चढवतात. या एन्झाइम्सचं मोठं घराणं म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. पुढे दुसरी एन्झाइम्स त्याला आणखी एक तुकडा जोडतात, की ते लघवीतून नाहीतर पित्तातून निघून जातं. वॉर्फरिनचा मुख्य भार सीवायपी २सी९ या एन्झाइमवर. रिफॅम्पिसिन लिव्हरला अशी एन्झाइम्स जास्त तयार करायला लावतं. मी रात्री नऊला दिलेली गोळी पोटात जात होती, पण पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर संपत होती.

डोस वाढवत वाढवत १२ मिलिग्रॅमवर नेला तेव्हा आकडा जागेवर आला. डिसेंबरच्या शेवटी टीबीची औषधं संपली, पेढे वाटले. वॉर्फरिन आता कमी करायचं, हे टीबीवाल्यांनीही सांगितलं नाही आणि झडपवाल्यांनीही नाही. रिफॅम्पिसिन थांबलं की वाढलेली एन्झाइम्स दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. भोगीच्या सकाळी, गावात गड्ड्याच्या जत्रेची गडबड, आत्या मोरीत चूळ भरत होत्या तर पाणी गुलाबी. दंडावर कुठे न लागता रुपयाएवढा काळानिळा डाग. आयएनआर ७.८. रिक्षात अक्का म्हणाल्या, “आता जास्त गोळ्या घातल्यास.”

रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि विचारलं, “टीबीची औषधं कधी थांबली?” इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. दोन दिवस वॉर्फरिन बंद, व्हिटॅमिन के दिलं, आत्या वाचल्या.

आता तुमचं. गोष्ट उलटीही होते. फ्लुकोनाझोल किंवा मेट्रोनिडाझोल ही साधी वाटणारी औषधं एन्झाइमचं काम अडवतात, तेव्हा तोच वॉर्फरिनचा डोस जास्त होतो, आणि यात आठवडे जात नाहीत, काही दिवसांत दिसतं. जन्मजात फरकही असतो. टीबीचंच आयसोनियाझिड काहींचं लिव्हर भरभर निकालात काढतं, काहींचं सावकाश. वय झालं की लिव्हरकडे जाणारं रक्त कमी होतं. सगळीच औषधं इथे निकामी होतात असंही नाही, गुठळी होऊ नये म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल तर लिव्हरमधून गेल्यावरच कामाचं होतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्येच विषारी होतो. ग्लुटाथायोन हे शरीरातलंच एक रसायन ते विष आवरतं, पण अति गोळ्या घेतल्या किंवा रोज दारू असली तर ते पुरत नाही.

‘लिव्हर साफ करायचा’ काढा विकणाऱ्यांवर एक पैसा घालवू नका. लिव्हर म्हणजे तुंबलेली मोरी नव्हे. मोजून गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात कुठलं पाळंमूळ जातंय हे माहीत नसताना असा काढा देणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

एक कबूल करते. पालेभाजीचं अक्कांचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं, पण तो एन्झाइमचा मामला नाही, आणि रोज साधारण सारखी भाजी खाल्ली तर डोस त्यावर बसवता येतो. आमच्याकडे शेपू-मेथी चार वर्षं तेवढीच होत होती, वहीत आकडे आहेत. आणि हे वाचून कुणी टीबीची गोळी सोडू नका, वॉर्फरिन आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवरही विसंबू नका, त्याही अशाच लवकर संपतात.

घरात कुणाची दोन ठिकाणी औषधं चालू असतील तर दोन्ही फाइली एकाच टेबलावर उघडून ठेवा. नवीन औषध सुरू होताना विचारा, आणि जुनं बंद होताना तर नक्कीच विचारा. आकडा बिघडला की आधी त्या महिन्यात काय सुरू झालं, काय थांबलं ते बघा. गोळी देणाऱ्या सुनेला मग विचारा. आमच्या अक्कांनी अजून विचारलेलं नाही. वही मी जपून ठेवली आहे, रिकाम्या पाकिटांसकट.