सिरॅमिक्समध्ये पीएचडी: अमेरिका की जर्मनी?

तू विचारलंस, "ताई, सिरॅमिक्समध्ये एम.टेक. होतंय. रॉकेट आणि विमानांच्या इंजिनांत टिकणाऱ्या सिरॅमिकवर काम करायचंय. अमेरिकेला जाऊ की जर्मनीला?" मी नऊ वर्षं जर्मनीत याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत पीएचडीला सहसा अडचण येत नाही, कारण विद्यापीठातलं खुलं मूलभूत संशोधन निर्बंधांबाहेर असतं. अडतं ते नोकरीच्या वेळी. रॉकेट आणि लष्करी इंजिनांची तांत्रिक माहिती 'आयटार' या अमेरिकेच्या शस्त्रास्त्र-निर्यातीच्या नियमांखाली येते. तुझ्याकडे ग्रीन कार्ड नसेल, तर ती तुला दाखवायलाही कंपनीला सरकारी परवाना लागतो. बऱ्याच कंपन्या या भानगडीत पडत नाहीत, आणि आपल्या लोकांची ग्रीन कार्डची रांग तुला माहीतच आहे. जर्मनीतही निर्यात-नियंत्रणाची तपासणी होते, तेवढं धरून चाल.

पण खरं सांगू? आधी देश नको, सिरॅमिक बनवायची प्रक्रिया निवड. स्टुटगार्टला डीएलआरमध्ये, म्हणजे जर्मनीच्या अंतराळ-विमान संशोधन संस्थेत, कार्बन धागे आणि रेझिनचा भाग बिनहवेच्या भट्टीत भाजतात. रेझिनचा कार्बन होताना तो आकसतो आणि आत बारीक तडे जातात. एरवी तडा म्हणजे सिरॅमिकचं मरण, इथे मात्र तीच वाट असते. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं आणि केशाकर्षणाने त्या तड्यांत शिरून कार्बनशी जुळतं आणि सिलिकॉन कार्बाइड हे सिरॅमिक बनवतं. मला आजही हे बघताना हरखून जायला होतं. डीएलआरच्याच कोलोनच्या केंद्रात ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) धाग्यांचं 'व्हिपॉक्स' नावाचं सिरॅमिक बनतं. ते मुळातच ऑक्साइड, त्यामुळे जळायची भीती नाही. युलिशच्या संशोधन केंद्रात टर्बाइनच्या पात्यांना उष्णतेपासून वाचवणारे झिर्कोनियाचे (झिर्कोनियम ऑक्साइडचे) लेप. इंजिनातली गरम वाफ सिलिकॉन कार्बाइडला हळूहळू खाते, म्हणून त्यालाही वेगळा संरक्षक लेप लागतो. या विषयात करण्यासारखं अजून खूप आहे.

मुलाखतीत प्राध्यापकांना एक नक्की विचार: भट्टी मी स्वतः चालवणार का? 'नाही' म्हणाले तर दुसरी जागा बघ. डॉक्टरेटची जागा इथे बहुधा पगारी नोकरी असते, तेव्हा संकोच करू नकोस.

आणि जर्मन. कामाचे अहवाल इंग्रजीत चालतात, पण भट्टीजवळचे तंत्रज्ञ जर्मनच बोलतात. पहिल्या वर्षी त्यांचं 'अजून गरम आहे' मला कळलं नाही. मी झाकण उघडलं, हवा आत गेली आणि तीन आठवड्यांचे कार्बन धाग्यांचे नमुने जळाले. जर्मनची बी१ पातळी निघायच्या आधीच पूर्ण कर.