इंडिका, इंडिकम, इंडिकस

सांगलीहून अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: आंबा ‘मँजिफेरा इंडिका’, मग तीळ ‘सिसॅमम इंडिकम’ का? आणि असल्या गोष्टींसाठी लॅटिन शिकून सायन्सवाल्यांना फायदा काय?

पहिलं कोडं मराठी बोलणाऱ्याला सोपं जावं. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. आपण पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो, तसंच तिथेही विशेषण नामाप्रमाणे बदलतं. मँजिफेरा स्त्रीलिंगी म्हणून इंडिका, सिसॅमम नपुंसकलिंगी म्हणून इंडिकम, एलेफस पुल्लिंगी म्हणून आपला हत्ती एलेफस मॅक्सिमस इंडिकस. लिंग बघायचं ते लॅटिन नावाचं. मराठीत आंबा आणि तीळ दोन्ही ‘तो’ आहेत, त्याचा इथे संबंध नाही. चिंच मात्र फसवते: टॅमरिंडस इंडिका. शेवटी ‘अस’ असून इंडिका, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात.

आता फायदा. पुढे मेडिकलला गेलीस तर ‘लेव्हेटर लेबिआय सुपीरिओरिस’ नावाचा स्नायू भेटेल. लेबिआय ही लेबियमची, म्हणजे ओठाची, षष्ठी. सुपीरिओरिस तिचंच विशेषण, तेही षष्ठीत. वरच्या ओठाला उचलणारा. विभक्ती ओळखली की नावातच स्नायूचं काम सापडतं, घोकावं लागत नाही. दहावीपर्यंत संस्कृत घेतलेल्यांना तर हे आणखी जवळचं: दात डेन्स, त्याची षष्ठी डेंटिस, आपला दंत, गुडघा जेनू, आपला जानु. हे सख्ख्या भाषाकुळाचं नातं आहे. अकरावीला सायन्स घेतल्याबरोबर संस्कृत सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वनस्पतिशास्त्रात तर 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं. आता इंग्रजी चालते, पण नावं लॅटिन वळणाचीच लागतात. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस. ‘एन्सिस’ म्हणजे त्या गावचा, जसं आपलं सातारकर.

सगळी लॅटिन शिकायला नको. तीन लिंगं, षष्ठी आणि शंभरेक धातू-प्रत्यय आले तरी पाठ्यपुस्तक वेगळं दिसू लागतं. सुरुवात ‘सटायव्हस’पासून कर, अर्थ लागवडीचा: भात ओरायझा सटायव्हा, मेंडेलचा वाटाणा पायसम सटायव्हम, केशर क्रोकस सटायव्हस. कोणतं नाव कोणत्या लिंगाचं, ते आता तूच सांग.