कडी लावून बसलेल्या बाळंतिणीस

"मावशी, आम्ही बीडकडचे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका खोलीत राहतो. मिस्टर हमाली करतात. बाळ सोळा दिवसांचं आहे, जन्मलं तेव्हा २ किलो ३०० ग्रॅम होतं. आशाताई घरी येतात. पण वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, पसारा. मला लाज वाटते. शेजारीण म्हणते, वजन कमी भरलं की बाळ उचलून नेतात. सासूबाई म्हणतात, बाहेरच्या बाईची नजर लागते. चौदाव्या दिवशी आशाताईंनी कडी वाजवली, तर मी बाळाला छातीशी धरून गप्प बसून राहिले. नंतर खूप रडले. रात्री रोजच रडू येतं. काय करू?"

पोरी, आधी शेजारणीचं बघू. वजन कमी म्हणून कुणी बाळ उचलून नेत नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर आशाताई उलट जास्त वेळा येते. बाळ आजारी पडलंच तर ती दवाखान्यात पाठवते. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात, न्यायला १०२ ची गाडीही मोफत. आणि अंगावर पाजायला तिथे आई लागतेच.

लाजेचं मला कळतं. पण ही घरोघर जायची पद्धत कुठून आली माहीत आहे? आपल्या गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तान्ह्या बाळांच्या घरी पाठवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये ते जगापुढे आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई याच वाटेने जायला लागल्या. ती घरंही गरिबांचीच होती गं. तुझी भांडी बघायला तिला वेळ नाही. ती हात धुणार, काखेत थर्मामीटर धरणार, झोळीच्या काट्याला बाळ लावणार आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाचं पोट वर-खाली होताना मोजणार. बाळ शांत असताना श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी रात्री दोन वाजता असेच श्वास मोजत बसायचे, पण किती असावेत हे सांगणारं कुणी नव्हतं.

दाराआड बाळाला छातीशी धरलंस ना, तेच रोज कर, फक्त मधला कपडा काढून. बाळाला टोपी, लंगोट, अंगाला अंग, वरून तुझा पदर. कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, त्याला याहून चांगली ऊब नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. आशाताई आली की त्यांनाच पुढे बसव, वजन करताना बाळ त्यांच्याच हातून झोळीत ठेवू दे. नजरेची भीती असेल तर तळपायाला तीट लावा, कुणाचं काही जात नाही. घुटी, मध, पाणी मात्र सहा महिने नको. डोळ्यांत काजळ नको, नाळेवर काहीही नको, बंद खोलीत शेगडीचा धूर नको. हे सुनेने सांगितलं तर भांडण होतं, आशाताईने सांगितलं तर ऐकलं जातं. तिलाच सांगायला लाव.

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर भेटीच्या दिवसाची वाट बघू नका. ससूनला किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात लगेच जा.

आता तुझ्या रडण्याचं. हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंस, मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. बाळंतपणानंतर आठवडाभर डोळे भरून येतात, ते आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही रोज रडू येत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. तू कमी पडतेस म्हणून हे होत नाहीये. आशाताईला सांग, डॉक्टरला दाखव. रात्री जीव फारच घाबरला तर १४४१६ लाव. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.

आशाताईच्या एकविसाव्या दिवसाच्या फेरीची वाट बघत बसू नकोस, आजच तिला निरोप धाड. पुढे अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. मग तिसऱ्या महिन्यापासून सव्वा वर्षाचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी ती येईल. अंगणवाडीत नावही तिच्याकडूनच घालून घे, पाजणाऱ्या आईला तिथून आहार मिळतो.

आणि या वेळी काट्यावर किती भरलं, ते मला कळव.

— तुझी मावशी