सोसायटीतली भटकी कुत्री अंगावर येतात, काय करावं?

आधी एक, पळू नका. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं धावतंच. जागीच थांबा, नजरेला नजर भिडवू नका, पिशवी किंवा छत्री मधे धरून पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका.

चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. नुसता ओरखडा आहे म्हणून थांबू नका, कळकळीने सांगतोय. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

कुत्री लांब नेऊन सोडली तर रिकाम्या जागी नवी येतात. त्यापेक्षा उघड्यावरचा कचरा बंद करा आणि नसबंदी, लसीकरणासाठी सगळ्यांच्या सह्यांनिशी पालिकेकडे लेखी तक्रार द्या. चावणाऱ्या कुत्र्याचा फोटो, जागा, वेळ त्यात हवीच.