जुनी वस्तू ऑनलाइन विकताना

फ्रिज पहिल्यांदाच ऑनलाइन विकायला काढताय म्हणून सांगतो. घासाघीस नाही, वस्तू बघायची घाई नाही, 'लगेच पैसे पाठवतो' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की सावध व्हा. बरेचदा तो स्वतःला फौजी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटोही धाडतो. मग क्यूआर कोड येतो: 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. माझे मामा आधी जमा झालेल्या ५ रुपयांवर भुलले नि १८,००० गमावून बसले. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिले, याचं मला जास्त वाईट वाटतं. तसं झालंच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही कळवा; रक्कम पुढे सरकली नसेल तर गोठवता येते.