विनोदावरून ख्रिस्ती माणसाचं शील कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : ख्रिस्ती माणसाने थट्टामस्करी करावी का, आणि तो कशावर हसतो यावरून त्याचं शील ओळखता येतं का? येतं. प्रार्थनेवरून कळणार नाही इतकं कळतं. प्रार्थना तयारी करून करता येते, हसू आधी फुटतं.

मी नगरची, मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले. आमच्याकडे एक मावशी होत्या. चार घरी पोळ्या करायच्या, चाळिशीनंतर अक्षरं शिकल्या. पांढरी साडी नेसून, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून त्या उपासनेत शास्त्रवाचन करायच्या. एका नाताळच्या आधी त्यांच्या वाट्याला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आला, म्हणजे येशूची सगळी वंशावळ. अम्मीनादाब या नावापाशी त्या अडल्या. ‘अम्मी... अम्मीना...’ तीनदा. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंच.

नाताळच्या कार्यक्रमात माझ्या मावसभावाने डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन, बोट फिरवत तेच केलं. ‘अम्मी... अम्मी नदीला गेली!’ सगळा हॉल हसला. मी एकोणीस वर्षांची होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मावशी दुसऱ्या रांगेत होत्या. तोंडाला पदर लावून त्याही हसल्या. चहा-करंज्यांच्या वेळी पाहिलं तर खुर्ची रिकामी.

त्यानंतर त्यांची पाळी आली की ‘चष्मा विसरले’ म्हणायच्या. चष्मा गळ्यात असायचा.

मावसभाऊ आजही म्हणतो, ‘ती पण हसली होती की! तुला विनोदच कळत नाही.’ तो आता मंडळीचा पंच आहे. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून ‘मी थट्टा केली’ म्हणणाऱ्याला कोलितं फेकणाऱ्या वेड्याच्या रांगेत बसवलंय. तो अध्याय त्याने स्वतः शिकवलाय. आणि चारचौघांत आपल्यावर हसतात तेव्हा गरीब माणूस हसतोच, दुसरं करणार काय?

विनोद मला कळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरी मोठ्याने वाचली जायची. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्या स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. मधली ताटातूट, हाल, सगळं त्यात आहे. तरी वाचताना हसून पुरेवाट होते, कारण बाई सगळ्यात जास्त स्वतःच्या वेडेपणावर हसतात, आणि नवऱ्याच्या लहरीपणावर हसतानाही त्याच्यावरची माया लपत नाही. प्रभूनेही डोळ्यातलं कुसळ-मुसळ सांगितलं, मुरकूट, म्हणजे चिलट, गाळून उंट गिळणारे सांगितले. हा दुसरा टोला शास्त्री-परुश्यांना होता, मान असलेल्यांना. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, तो हसला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, माणूस किती हसतो ते पाहू नका, कोणाच्या जिवावर हसतो ते पाहा. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात टवाळी नको म्हटलंय ते याच अर्थाने, असं माझं मत. हसूच नको असं असतं तर नव्वदीत आई झालेल्या सारेने, अब्राहामाच्या बायकोने, ‘देवाने मला हसवलं’ म्हटलं नसतं आणि तिच्या मुलाचं नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’, पडलं नसतं. नक्कल करणं हेच पाप, असंही मी म्हणत नाही. पाळकसाहेबांची नक्कल आम्ही त्यांच्यासमोर करायचो, तेच सुधारून दाखवायचे. आणि अजिबात न हसणारी माणसं जास्त पवित्र असतात, असाही माझा अनुभव नाही.

माफी मागायला मला सहा वर्षं लागली. मावशींनी चहा टाकला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझ्या काळ्या रंगावर हसला असता तर चाललं असतं गं. वाचण्यावर नको होतं.’

मावसभाऊ अजून त्यांच्याकडे गेलेला नाही. मावशी हयात आहेत, घर त्याला माहीत आहे.